साहित्यातील कोंबडी आणि परसातील कोंबडी

लघुनिबंध मराठीत रुजला त्याला आता शंभर वर्षे होत आली. फडके, खांडेकर, काणेकर यांनी तो वाढविला, आणि त्याच्या बाजूने पहिल्यापासून एक गोष्ट अभिमानाने सांगितली जात असे, की या वाङ्मयप्रकाराला कोणताही विषय क्षुद्र नाही. हा दावा खरा मानून मी गेली काही वर्षे एका विषयाच्या शोधात जुन्या मासिकांच्या फायली चाळीत आहे. विषय अगदी साधा आहे : घरी पाळलेली कोंबडी आणि तिचे नित्याचे चाळे. या फायलींत गाय सापडते, मांजर सापडते, पिंजऱ्यातला पोपट तर नको इतका सापडतो. कोंबडी मात्र सापडलीच तर ताटात सापडते. माझे वाचन सर्वस्पर्शी आहे असा माझा मुळीच आग्रह नाही. एखादा लेख निसटलाही असेल, आणि कोणी वाचकाने तो दाखवून दिला तर त्याचे मी उपकारच मानीन. पण एकंदर अनुभव हा असा आहे.

या शोधाला कारण झाले ते आमच्या पुणतांब्याच्या घराचे परस. पुणतांबे हे गोदाकाठचे गाव. दौंड-मनमाड लोहमार्गावर शिर्डीचा फाटा येथूनच फुटतो, आणि १ जून २०१७ रोजी सुरू झालेल्या शेतकऱ्यांच्या संपामुळे त्याचे नाव देशभर गेले. त्यापूर्वी शतकानुशतके ते ओळखले जात होते चांगदेवाच्या समाधीसाठी. चांगदेव ज्ञानेश्वरांच्या भेटीस निघाले ते वाघावर बसून, हाती सापाचा आसूड घेऊन, ही कथा येथील लहान पोरालाही ठाऊक असते. आपल्या कथांतील प्राण्यांची निवड कशी होते याचा हा उत्तम नमुना आहे. वाघ चालतो, साप चालतो, पैठणच्या कथेत वेद बोलण्यास रेडाही चालतो. काखेत कोंबडी घेऊन कोणी संत कोणाच्या भेटीस निघाल्याचे मी ऐकलेले नाही. वस्तुतः हातात जिवंत साप धरण्यापेक्षा भेदरलेली कोंबडी काखेत धरून कोसभर चालणे अधिक योगसामर्थ्याचे काम आहे, हे ज्याने केले आहे त्यालाच समजेल. असो.

कोंबडीची उपेक्षा झाली म्हणताना कोंबड्याची उपेक्षा झाली असे मात्र म्हणता येणार नाही. संस्कृतात त्याचा थाट मोठा आहे. कार्तिकेयाच्या ध्वजावर तो आहे. अमरकोशात त्याची नावे पाहावीत : कृकवाकु, ताम्रचूड, कुक्कुट, चरणायुध. ही नावे ठेवणाऱ्यांनी पक्षी डोळ्यांनी पाहिला होता यात संशय नाही. एकाने त्याचा कंठ ऐकला, एकाने तुरा पाहिला, एकाने पायाची आर पाहिली. व्याकरणकारांनी तर त्याला गुरूच्या आसनावर बसविले आहे. ऱ्हस्व, दीर्घ आणि प्लुत स्वरांची ओळख करून देताना पाणिनीने अकार सोडून उकारच का घेतला, याचे परंपरेने दिलेले उत्तर असे, की कोंबड्याच्या आरवण्यात उकाराच्या या तिन्ही मात्रा क्रमाने ऐकू येतात. हे वाचल्यानंतर मी सलग आठ दिवस पहाटे अंथरुणात पडल्या पडल्या आमच्या कोंबड्याची परीक्षा घेतली. पहिला उकार तो आखूड काढतो, दुसरा लांबवितो आणि तिसरा जो धरतो तो धरतोच. व्याकरणात तो नापास होणार नाही.

परंतु व्याकरणकारांइतके प्रामाणिक कान नीतिकारांपाशी नव्हते. चाणक्याच्या नावावर मोडणाऱ्या नीतिवचनांत कोंबड्यापासून शिकण्याचे चार गुण सांगितले आहेत. वेळेवर उठावे, युद्धाला सज्ज असावे, आप्तांना वाटून द्यावे आणि स्वतःच्या पराक्रमाने मिळविलेले खावे. यांतला तिसरा गुण घ्या. कोंबड्याला दाणा सापडला की तो मान खाली-वर करून एक विशिष्ट आवाज काढतो, दाणा चोचीने उचलतो, पुन्हा टाकतो, आणि कोंबड्या धावत येऊन तो खातात. हे दृश्य खरे आहे आणि रोजचे आहे. नीतिकार येथे टिपण करून उठला. तो आणखी अर्धा तास बसता, तर त्याला पुढचा भाग दिसला असता. आमचा कोंबडा हाच आवाज कित्येकदा खड्यावरही काढतो. कोंबडी धावत येते, खडा पाहते, आणि तोवर महाराज पंख घासत तिच्याभोवती फेर धरून प्रणयाराधनास लागलेले असतात. ही माझी कल्पना नव्हे. पीटर मार्लर आणि मार्सेल गायगर या अभ्यासकांनी १९८८ साली हाच प्रश्न काटेकोरपणे तपासला. न खाण्याजोग्या वस्तूवरही कोंबडा बोलावतो, आणि असे बोलावणे बहुधा कोंबडी दूर असताना होते, असे त्यांना आढळले. आप्तांना वाटून देण्याच्या गुणाची ही दुसरी बाजू नीतिवचनात बसत नाही, म्हणून ती गळली. प्राण्यांविषयीच्या बहुतेक वाङ्मयाचा दोष हाच आहे. धडा हाती लागताच पाहणे थांबते.

दंडीचे तसे नाही. दशकुमारचरितातील प्रमतीच्या कथेत बाजारात कोंबड्यांची झुंज चालली आहे. निरनिराळ्या जातीचे दोन कोंबडे, भोवती पैज मारणारे वणिक, आणि कोणता कोंबडा जिंकणार हे आधीच ओळखून हसणारा नायक. येथे कोणी कोणाला शहाणपण शिकवीत नाही. बाजार आहे, गर्दी आहे, पक्षी आहेत. अशा लेखकाने परसात डोकावले असते तर! पण झुंज परसात नसते, आणि दंडीची दृष्टी राजमार्गावर होती.

आता मराठीकडे वळू. मराठीत कोंबड्यावरचे सर्वांत चांगले वाङ्मय एका ओळीचे आहे आणि त्याचा कर्ता अज्ञात आहे. कोंबडे झाकले म्हणून उजाडायचे राहत नाही, ही ती म्हण. तिच्यातला अर्थ सगळेच सांगतात; मला तिच्यातली पाटी महत्त्वाची वाटते. ही म्हण ज्याने प्रथम उच्चारली त्याच्या घरी डालगे होते, कोंबडा होता, आणि त्या डालग्याखाली कोंबडा कसा आरवतो ते त्याने ऐकले होते. तिच्यात एक गंमत अशी आहे, की आधुनिक संशोधनाने तिची दुसरी बाजूही खरी ठरविली. जपानातील नागोया विद्यापीठाच्या दोन संशोधकांनी २०१३ साली कोंबडे सतत मंद प्रकाशात ठेवून पाहिले, तेव्हा उजाडण्याची कोणतीही खूण नसताना ते आपल्या अंगच्या घड्याळानुसार पहाटेच्या सुमारास आरवत राहिले. उजाडणे जसे कोंबड्यावर अवलंबून नाही, तसा कोंबडाही उजाडण्यावर फारसा अवलंबून नाही. पुढे १९ नव्हे, १०० कोंबडे असले तरी पहिल्याने आरवण्याचा मान कळपातल्या वरिष्ठाचाच, असेही त्यांना दिसून आले असते. निदान लहान कळपात तसे दिसल्याचे त्यांनी २०१५ साली प्रसिद्ध केले. सरकारी कचेरीत चाळीस वर्षे काढलेल्या माझ्यासारख्याला यात नवे काही वाटले नाही.

कोंबडीच्या वाट्याला मात्र म्हणीतही अंडेच आले. सदाशिव काशिनाथ छत्रे यांची इसापनीती १८२८ साली निघाली. तेव्हापासून आजतागायत मराठी मुलांच्या सात-आठ पिढ्यांनी सोन्याचे अंडे देणाऱ्या कोंबडीची गोष्ट ऐकली आहे. त्या गोष्टीत लोभी माणूस आहे, त्याची सुरी आहे, अंडे आहे. कोंबडी कोठे आहे? ती काळी होती की तांबडी, चालताना कशी दिसे, अंडे घालून झाल्यावर तिने गाव डोक्यावर घेतले की नाही, यांपैकी कशाचाच पत्ता नाही. माणसाने तिचे पोट फाडून पाहिले आणि आत काही नव्हते. गोष्ट रचणाऱ्यानेही आत काही ठेवले नव्हते.

याच्या तुलनेत इंग्रजी कवी चॉसर याची कथा पाहण्याजोगी आहे. चौदाव्या शतकातील या कवीने एका गरीब विधवेच्या अंगणात एक कोंबडा आणि सात कोंबड्या ठेवल्या आणि त्यांतल्या एकीला, पर्टेलोटला, तोंड फोडले. कोंबड्याला वाईट स्वप्न पडते. ती त्याला भित्रा म्हणते, स्वप्न पित्तामुळे पडले असा निर्णय देते आणि रेचक घेण्यास सांगते. पर्टेलोट ही शेवटी माणसाची बायकोच आहे, हे खरे. पण ती जेथे उभी आहे ते अंगण खरे आहे. काठ्यांचे कुंपण, भोवती कोरडा चर, आणि दाण्यासाठी धावणाऱ्या कोंबड्या. अलीकडच्या काळात वुडहाउसने १९०६ साली कुक्कुटपालनावर आख्खी विनोदी कादंबरी लिहिली. तीत धंदा बुडतो तो वाचताना हसू आवरत नाही. परंतु शेकडो कोंबड्यांत एकच काय ती लक्षात राहते; कारण तिला ‘आंट एलिझाबेथ’ असे नाव आहे आणि स्वभाव खाष्ट आहे. बाकीच्या कोंबड्या म्हणजे केवळ संकटाची संख्या होय.

या विषयावरचा खरा ग्रंथकार मला साहित्याबाहेर भेटला. नॉर्वेतील थॉर्लिफ शेल्डरुप-एबे हा लहानपणापासून कोंबड्यांपाशी बसून कोण कोणाला टोचते याची नोंद करी. मोठेपणी, १९२१ च्या सुमारास, त्याने त्यातून सिद्धान्त मांडला, की कळपातील प्रत्येक कोंबडीला आपली पायरी ठाऊक असते. वरची खालचीला टोचते, खालची उलट टोचत नाही. चोचीच्या या उतरंडीची कल्पना पुढे समाजशास्त्रात गेली, कचेऱ्यांत गेली, सैन्यात गेली. तिचा उगम मात्र वही घेऊन बसलेल्या एका पोरात आहे. त्या पोराने कोंबडीपासून काही शिकण्याचा संकल्प केलेला नव्हता. त्याला कोंबड्या एकमेकींपासून वेगळ्या ओळखू येत होत्या, एवढेच.

ही ओळख पटण्यास किती दिवस लागतात हे मी अनुभवाने सांगू शकतो. आमच्याकडे कोंबड्या आल्या त्या माझ्या इच्छेने नव्हेत. शेजारच्या मावशींच्या नातवाचे गणित मी सुधारले, त्याची गुरुदक्षिणा म्हणून त्या एके संध्याकाळी दोन तलंगा पायांना सुतळी बांधून घेऊन आल्या. नाही म्हणणे अशक्य होते. पुढे दोहोंच्या सहा झाल्या आणि एक कोंबडा आला. पहिला पंधरवडा मला त्या सगळ्या सारख्याच दिसत. नंतर एकदा माझ्या पत्नीने उन्हात घातलेल्या कुरडयांवर छापा पडला, आणि ओसरीवरून पाहत असता मला प्रथमच जाणवले, की चोरी एकीनेच केली होती, बाकीच्या तिच्यामागे धावत होत्या. कुरडई चोचीत मावत नव्हती. ती खायची तर थांबले पाहिजे, थांबले तर हिसकावली जाणार. म्हणून ती पळत राहिली, चार चकरा मारल्या, शेवटी रांजणाला धडकली, आणि कुरडई भलतीनेच पळविली. त्या दिवसापासून तिला आम्ही ‘धावरी’ म्हणू लागलो.

दुसरी एक मोठी गंभीर वृत्तीची होती. तिला अंडे घालण्यास खुराडे पसंत नसे. खोलीत येऊन, खाली मान घालून, पुस्तकांच्या फळीसमोर ती काही वेळ उभी राही, आणि मग सर्वांत खालच्या कप्प्यात जुन्या मासिकांच्या गठ्ठ्यावर जाऊन बसे. ज्या मासिकांत मी तिच्या जातीचा उल्लेख शोधीत होतो तीच ही मासिके. अंडे झाल्यावर जो कलकलाट ती करी तो ऐकून नवखा पाहुणा घरात साप निघाला असे समजून बाहेर पळाला आहे. तिचे नाव अर्थातच ‘संपादिका’.

खुडूक कोंबडी हा तर स्वतंत्र अभ्यासाचा विषय आहे. एका वैशाखात आमची तांबडी खुडूक झाली. खाली अंडे नाही, काही नाही. एक आंब्याची कोय कोठून तरी तिच्या पोटाखाली आली होती आणि ती कोय बाई निष्ठेने उबवीत होत्या. हात नेला की पिसे फुलवून फुत्कारे. “गुरुजी, हिला पाण्यात बुचकळून काढा,” मावशी म्हणाल्या, “नाहीतर महिनाभर अंड्याचं नाव नको.” गावात कोणी नाकपुडीत पीस घालतात, कोणी पाण्यात बुडवितात. माझ्याच्याने ते होईना. अखेर मावशींनीच आपली पाच अंडी आणून रात्री तिच्याखाली सरकविली, आणि एकविसाव्या दिवशी कोयीच्या शेजारी चार पिल्ले निघाली. कोय तिने आणखी दोन दिवस सोडली नाही. यावर काव्य करण्याचा मोह मला झाला होता; तो आवरला, कारण तिसऱ्या दिवशी तिने ती कोय लाथेने उकिरड्यावर उडवून दिली आणि वळूनही पाहिले नाही.

राखेच्या ढिगात त्यांचे स्नान चालते तेही पाहण्यासारखे असते. एका अंगावर पडून, पंखाने राख पाठीवर उडवीत, डोळे अर्धवट मिटून त्या अशा पसरतात की मेल्या असे वाटावे. उवा-पिसवा आणि पिसांतले जादा तेल यांसाठी हे स्नान असते. जेथे हजारो कोंबड्या तारेच्या पिंजऱ्यात राहतात, तेथे तारेवर धुळीचा कण नसतानाही कोंबडी या स्नानाचे सर्व हातवारे करते, असे अभ्यासकांनी नोंदले आहे. हे वाचले त्या दिवशी मी दुपारची झोप सोडून परसात जाऊन बसलो.

मग असा विषय आमच्या लेखकांना का दिसला नाही? माझ्या मते याचे उत्तर रुचीत नाही. ते घराच्या रचनेत आहे. पतंजलीने महाभाष्याच्या आरंभीच एक उदाहरण दिले आहे : गावठी कोंबडा अभक्ष्य म्हटले की रानकोंबडा भक्ष्य हे आपोआप कळते. मनुस्मृतीतही गावठी कोंबडा निषिद्धांत आहे. म्हणजे रानात दूर राहणारा चालतो, आणि जो आपल्या दाराशी राहून आपलेच उष्टे-खरकटे वेचतो तो विटाळाचा. माझ्या आजीच्या अंगणात शेजारची कोंबडी शिरली तर शेण-पाण्याचा सडा पडे. मराठी लघुनिबंध ज्या घरांत जन्मला ती बहुतांशी अशीच घरे होती. ओसरीवरून जे दिसते ते त्यात आले. परसामागचे, आणि परसामागे राहणाऱ्यांचे, आले नाही. ज्यांच्या खुराड्यात कोंबड्या होत्या त्यांच्या हाती लेखणी उशिरा आली, आणि आली तेव्हा त्यांना सांगायचे होते ते इतके दाहक होते, की कोंबडीच्या खोड्यांसाठी त्यांनी थांबावे अशी अपेक्षा करणेही अनुचित. लक्ष्मीबाई टिळकांच्या गद्यातला घरगुती, स्वतःवरच हसणारा विनोद या विषयाला सर्वांत शोभला असता असे मला वारंवार वाटते.

अलीकडे हौसेने कोंबड्या पाळणारी सुशिक्षित कुटुंबे वाढली आहेत आणि त्यांच्या खोड्यांवर लिहिलेलेही वाचावयास मिळते. विटाळ गेला हे चांगले झाले. पण या लेखनावर माझा एक आक्षेप आहे. त्यात कोंबडी ही बाळ असते. रुसते, हसते, ‘आई’ म्हणते. आणि लेख संपेपर्यंत तिला काहीही होत नाही. परसातल्या कोंबडीला पुष्कळ काही होते. मुंगूस येते, घार येते. मानमोडी आली की आठवड्यात खुराडे रिकामे होते. फेब्रुवारी २००६ मध्ये नंदुरबार जिल्ह्यातील नवापूर येथे पक्ष्यांचा इन्फ्लुएंझा सापडला, तेव्हा मोठ्या कुक्कुटशाळांबरोबर घरोघरच्या कोंबड्याही सरकारी पथकांनी मारल्या. ज्यांच्या घरी त्या होत्या त्यांत नावे ठेवलेल्या कितीतरी असतील. आणि या सर्वांतून जी वाचते ती एक दिवस अंडी देण्याचे थांबते. कोंबडीवरच्या लेखाची कसोटी माझ्या मते येथे आहे. लेखक त्या दिवसाविषयी काय सांगतो?

मावशींचे या बाबतीत सरळ आहे. अंड्यांचे पैसे त्यांचे स्वतःचे. ते घरच्या कोणत्याही वहीत मांडले जात नाहीत, आणि नातवाची वही-पेन्सिल त्यातूनच येते. थकलेली कोंबडी त्या विकतात, किंवा जत्रेच्या पाहुण्यांसाठी कापतात. तिच्या खोड्या त्यांना माझ्यापेक्षा दसपट ठाऊक असतात. त्या सांगताना त्या पोट धरून हसतात, आणि कापतानाही त्यांचा हात कापत नाही. हसणे खोटे नाही आणि सुरीही खोटी नाही. ही दोन्ही एका लेखात मावतील असे गद्य मराठीत अजून कोणी लिहिल्याचे मला आढळलेले नाही. मलाही ते साधलेले नाही, हे वाचकांच्या ध्यानात आलेच असेल.

धावरीने गेल्या दिवाळीपासून अंडे दिलेले नाही. एक पाय ती जरा ओढते. उतरंडीत ती तळाला गेली आहे. कालपर्यंत जिला ती टोचीत असे ती आता हिला टोचते, आणि संध्याकाळी खुराड्यात ती सर्वांत शेवटी शिरते. “गुरुजी, अंडं देत नाही, मग हिला पोसता कशाला?” मावशींनी परवा विचारले. मी म्हटले, “मावशी, तिच्यावर लेख लिहितो आहे.” “लेख झाल्यावर?” त्यांनी विचारले. लेख आज झाला. संध्याकाळी खुराड्याचे दार लावावयास गेलो तेव्हा ती नेहमीप्रमाणे उंबऱ्यावर थांबली होती, आणि आतून कोणी टोचणार नाही याची खात्री करून घेत होती. मी दार धरून उभा राहिलो. तिला बराच वेळ लागला.